ओकची पाने आणि मराठवाड्याचा माळ

आमच्या एका भाच्याने टेक्सासहून येताना आमच्यासाठी एक जाकीट आणले. त्यावर पाने, डहाळ्या, सालीच्या भेगा, मधूनमधून पडलेला उन्हाचा कवडसा, असे सारे इतके हुबेहूब छापलेले होते की, ते खुंटीला टांगल्यावर भिंतीतून झाड उगवल्यासारखे वाटावे. मामा माळरानावर हिंडतो, दुर्बीण लावून पाखरे पाहतो, एवढे भाच्याला ठाऊक होते. ह्या देशात शिकार कायद्याने बंद आहे हे बहुधा ठाऊक नसावे. कारण जाकिटाच्या छातीवर काडतुसे खोवण्यासाठी शिवलेली घरेही होती. प्रेमाने आणलेल्या वस्तूची अशी चिकित्सा करू नये. तथापि आमचा स्वभाव हा असा आहे आणि वाचकांना तो आता अपरिचित नाही.

पौषात आम्ही नायगावला गेलो होतो. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, जुन्या निजामी मुलखातले हे तालुक्याचे गाव. जाकीट सोबत होते आणि थंडीही होती. पहाटेच आम्ही गावाबाहेरच्या एका शेताच्या बांधावर जाऊन बसलो. समोर हरभरा, त्यापलीकडे ज्वारी आणि ज्वारीच्या कडेला पाच-सात हरणे. अंतर तीनशे पावलांचे असेल. आम्ही हललो नाही, खोकलो नाही. तरी एका मादीने मान वर केली, आमच्याकडे क्षणभर रोखून पाहिले आणि बघता बघता सारा कळप ज्वारीत दिसेनासा झाला. थोड्या वेळाने मागून आवाज आला. "सर, काय करायलात इथं? लांबून दिसायलात, म्हटलं कुणी पडून राहिलंय का काय!" शेताचे मालक होते, साठी उलटलेले, डोक्याला टॉवेल, अंगावर घोंगडी. आम्ही जाकिटाचा महिमा त्यांना समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "ते बरोबर हाय. पण रान पिवळं अन् तुम्ही हिरवे. कसं जमावं?"

आज लिहायला बसलो आहोत ते ह्या एका वाक्यापायी.

जाकिटावरचे ते झाड कुठले, ह्याचा आम्ही नंतर शोध घेतला. असल्या छाप्यांचा इतिहास फार जुना नाही. रानात लपण्यासाठी शिकारी पूर्वी मळकट, मातकट कपडे घालत. सैन्यांनीही खाकी स्वीकारली ती १८४०च्या दशकात पेशावरकडे, आणि तो शब्दच मुळी 'खाक' म्हणजे धूळ ह्यावरून आला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रेंच सैन्याने चित्रकारांची एक स्वतंत्र तुकडी उभी केली आणि तोफा, गाड्या, मचाणे रंगवून काढली. 'कॅमोफ्लाज' हा शब्द जगभर गेला तो तेव्हापासून. त्याच्याही आधी अॅबट थेयर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली असे दाखवून दिले होते की, बहुतेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिके असते ते उगाच नव्हे. वरून ऊन पडते, खाली सावली पडते, आणि अंगाचा रंग नेमका उलट असल्यामुळे प्राण्याची गोलाई नाहीशी होऊन तो सपाट भासतो. आमच्या काळविटाचे पांढरे पोट आठवा. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना पॅसिफिक बेटांवर एका बाजूने हिरवा आणि उलटून घातल्यास तपकिरी असा ठिपक्याठिपक्यांचा कपडा मिळाला; युद्ध संपल्यावर तोच कपडा तिकडच्या बदकांच्या शिकाऱ्यांनी उचलला. झाडाचे हुबेहूब चित्र मात्र १९८०च्या दशकातले. १९८६ साली जॉर्जिया राज्यात बिल जॉर्डन ह्या गृहस्थांनी आईवडिलांच्या अंगणातल्या ओकच्या खोडाकडे पाहत कागदावर पेन्सिलीने साल रेखाटली आणि त्यातून 'रिअलट्री' हा छापा निघाला. त्याच वर्षी मिसिसिपीत टॉक्सी हास ह्यांनी आपल्या रानातली माती, पाने, काटक्या गोळा करून कापडवाल्यापुढे ठेवल्या आणि अशा रंगाचे कापड द्या म्हणून सांगितले. तो 'मॉसी ओक'. दोघांनीही अगदी योग्य तेच केले, असे आमचे मत आहे. आपल्या अंगणातले झाड पाहिले, आपल्या रानातली माती उचलली. घोटाळा झाला तो पुढे. ते अंगण कापडाच्या तागाबरोबर जगभर विकले गेले आणि शेवटी नायगावच्या हरभऱ्याच्या बांधावर येऊन बसले, जिथे ओक नाही, ओकची सावली नाही, आणि पौषात तर हिरवी म्हणता येईल अशी पाने फार थोड्या झाडांवर.

मग नायगावच्या रानासाठी कसला कपडा घ्यावा? हा प्रश्न आम्हांला नंतर खरोखरच दोघातिघांनी विचारला. कारण हल्ली नांदेड-लातूरकडे कॅमेरा घेऊन पाखरांमागे हिंडणारी तरुण मंडळी बरीच आहेत आणि त्यांना हे छाप्याचे कपडे हवे असतात. ह्याचे उत्तर द्यायचे तर पंचांग उघडावे लागते. ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, हे रान काळे असते. नांगरलेली ढेकळे, त्यांवर धूळ. तिथे हिरवा माणूस म्हणजे एखादे चुकार रोपटेच. आषाढापासून भाद्रपदापर्यंत सगळीकडे हिरवे, सोयाबीन, कापूस, तूर, बांधावरचे गवत. वर्षात हिरव्या छाप्याला न्याय मिळतो तो एवढ्याच दिवसांत, आणि नेमक्या ह्याच दिवसांत काळ्या मातीचा चिखल बुटांना दोन-दोन शेर चिकटतो म्हणून माणूस रानात जात नाही. आश्विनात सोयाबीन पिवळे पडते, निघते. तूर हिरवी असते पण तिला पिवळी फुले येतात. कापूस फुटतो तेव्हा तर सारे शेत पांढऱ्या ठिपक्यांचे होऊन बसते. त्यासाठीचा छापा अजून कुणी काढलेला आमच्या पाहण्यात नाही. मार्गशीर्षापासून ज्वारीचे पान वाळू लागते, माळावरची कुसळी आणि पवन्या कडब्याच्या रंगाच्या होतात, आणि मग थेट वैशाखापर्यंत ह्या प्रदेशाचा रंग हा कडब्याचा रंग. मध्ये कुठे मुरमाचा तांबूस पट्टा, कुठे बाभळीची विरळ सावली. फाल्गुनात पळस पेटतो तो वेगळाच. आणि देगलूर-बिलोलीकडे जावे तर काळा कातळ संपून ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे सुरू होतात. तिथे करडा, गुलाबीसर, गोणपाटासारखा रंग हवा.

तेव्हा आमचा सल्ला विचारणाऱ्यांना रुचला नाही. आठ महिने कडब्याच्या रंगाचा, धुऊन धुऊन विटलेला, कसलाही छापा नसलेला सुती सदरा घालावा. पावसाळ्यात जुना हिरवट. आणि थंडीत घोंगडी. छापा घ्यायचाच तर बारीक पानाफुलांचा घेऊ नये. ती सारी कलाकुसर हातभर अंतरावरून पाहणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असते. शंभर पावलांवरून पाने, डहाळ्या, कवडसे सगळे एकमेकांत मिसळून एक काळपट गोळा दिसतो, आणि माळावरचा काळपट गोळा म्हणजे लांडगा नाहीतर माणूस, हे हरणाच्या पाडसालाही कळते. फिक्या आणि गडद रंगाचे मोठमोठे, ओबडधोबड पट्टे असतील तर निदान अंगाची बाह्यरेषा मोडते. बाकी मग सावलीत बसावे, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभे राहू नये, तोंड आणि हात झाकावेत. ह्यात पैसे खर्च होत नाहीत, म्हणून ते कुणाला पटत नाही.

पुन्हा, कपडा कुणाच्या डोळ्यांसाठी निवडायचा हाही प्रश्न आहेच. हरीण, काळवीट, रोही अशा खुरी प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्यासारख्या तीन प्रकारच्या नसून दोनच प्रकारच्या असतात. निळा त्यांना चांगला दिसतो, तांबडा आणि केशरी जवळजवळ मातकटच. हरणांना आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही काही प्रमाणात जाणवतात. आता आपल्याकडचा कपडे धुण्याचा सोहळा पाहा. पांढरेपणा वाढवणारी पावडर, वर नीळ. अशा पावडरींतली चकाकी आणणारी द्रव्ये अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. म्हणजे चार हजारांचे छाप्याचे जाकीट एकदा घरच्या बादलीत बुचकळले की ते हरणाच्या नजरेला चमकू लागते. पाखरांची गोष्ट याहून अवघड. त्यांचे डोळे चार प्रकारच्या पेशींचे, आपल्यापेक्षा सरस. त्यांना रंगाने फसवण्याची आशा न धरता ओट्यामागे किंवा खोपीत गुमान बसावे. आणि रानडुकराला दिसते कमीच, पण वास असा येतो की तुमचा छापा तिथे सर्वस्वी फुकट. वारा कुठून येतो एवढे पाहणारा माणूस डुकराजवळ पोचतो; न पाहणारा माणूस ओकच्या पानांत गुंडाळून घेऊनही पोचत नाही.

इथे आम्हांला भाषेचा एक चमत्कार दिसतो. 'कॅमोफ्लाज'ला मराठीत रुळलेला शब्द नाही. कोशकारांनी बनवलेले आहेत, पण ते कुणी बोलत नाही. नायगावच्या बाजारात त्या कापडाला 'मिलिटरी कपडा' म्हणतात आणि तेवढ्याने भागते. मात्र लपण्याला आपल्याकडे क्रियापदांची रेलचेल आहे. दडणे, लपणे, दबणे, टपणे, दबा धरणे, आड बसणे, आडोशाला होणे, पाळत ठेवणे, कानोसा घेणे. ह्यांतली प्रत्येक क्रिया अंगाने करायची आहे, कपड्याने करायची नाही. 'दबा धरणे' ह्यात तर श्वास, गुडघे, पापण्या सगळे आले. धरायचा तो दबा माणसाने, आणि तो सुटला की सुटला. आमच्या पूर्वजांनी लपण्याची विद्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूत पाहिली नाही, ती देहात पाहिली, असे ह्यावरून म्हणण्याचा मोह होतो. (भाषेवरून समाजाची नाडी पाहण्याचा हा उद्योग धोक्याचा असतो हे मान्य. तरी पण.)

बांधावरच्या मामांनीही तेच सांगितले, निराळ्या शब्दांत. आमच्या जाकिटाकडे पाहता पाहता त्यांना लहानपण आठवले. "पहिलं इकडं पारधी यायचे. गाय घेऊन. गाय चरत चरत जायची, आपल्याला वाटायचं गाय चरायलीय. माणूस दिसायचाच नाही." पारध्यांची ही रीत जुन्या अभ्यासकांनीही नोंदवून ठेवली आहे. शिकवलेले जनावर सोबत घ्यायचे, त्याच्या पुढच्या पायांच्या आडून वाकून चालायचे, ते थांबले की थांबायचे, त्याने तोंड खाली घातले की आपण खाली बसायचे. आणि तितर, लावा, हरीण टप्प्यात आले की फास. माळावर गाय चरत असणे ह्याहून स्वाभाविक दृश्य ते कोणते? रानाचा रंग अंगावर चढवण्यापेक्षा रानाला ज्याची सवय झालेली आहे त्याच्या आड जाणे, ही त्यातली युक्ती, आणि ती बारा महिने, काळ्या रानात, पिवळ्या रानात, हिरव्या रानात सारखीच चालते. चित्त्याकडून काळवीट मारवण्याचा जो दरबारी शौक कोल्हापुरासारख्या संस्थानांत होता, त्यातही हेच मर्म होते. चित्ता डोळ्यांवर पट्टी बांधून बैलगाडीत बसवलेला असे. काळविटांना रोज गाड्या पाहायची सवय, ती पळत नसत; गाडी हळूहळू कडेकडेने जवळ जाई आणि मग पट्टी सुटे. दख्खनच्या माळासाठी कुणाला छापा काढायचाच असेल तर त्यावर बैलगाडीचे चाक छापावे लागेल.

ते चित्ते सांभाळणारे, शिकवणारेही पुष्कळदा पारधीच. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी ह्या नोंदीखाली जी पोटनावे आहेत त्यांत फासेपारधी, टाकणकार, शिकारी यांच्याबरोबर 'चिता पारधी' हेही नाव आहे. चित्ता ह्या देशातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. यादीत नाव राहिले. आणि योगायोग असा की, ज्या कायद्याने पारध्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते तो १८७१पासूनचा गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला तोही १९५२ सालीच, ऑगस्टअखेरीस. तोपर्यंत ह्या लोकांची गावोगाव हजेरी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. नंतर सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि हजेरीच्या जागी संशय आला. ह्या विषयावर मराठीत जे लिहिले गेले त्यात लातूरकडचे लक्ष्मण गायकवाड ह्यांचे 'उचल्या' (१९८७) आधी आठवते. ती जमात निराळी, पण पोलिसांची चाहूल लागताच अंग चोरण्याची जी सवय त्या पुस्तकात पानोपानी दिसते ती सगळ्यांना सारखीच.

'पारध' हा शब्द संस्कृतातल्या 'पापर्द्धि'वरून आला, म्हणजे पापाची वृद्धी करणारी ती पारध, असे व्युत्पत्तिकार मानतात. खरे असेल तर ह्या लोकांच्या नावातच निकाल लिहून ठेवलेला आहे. राजाने केली तर तीच 'मृगया' होते. पुराणांनी मात्र ह्या बाबतीत राजांनाही सोडलेले नाही. पंडूने हरणाची जोडी पाहून बाण मारला, आणि त्यातला नर निघाला किंदम ऋषी, मृगरूप घेऊन रमलेला. आम्हांला ह्या कथेत शापापेक्षा वेषांतराचे नवल वाटते. इतके बेमालूम रूप घेतले की शिकाऱ्याला संशयही आला नाही. आणि त्या बेमालूमपणानेच घात केला. यादवांच्या अंतानंतर झाडाखाली टेकलेल्या श्रीकृष्णाच्या तळव्याला जरा नावाच्या व्याधाने हरीण समजून बाण मारला, तीही कथा ह्याच जातीची. अमेरिकेत हे पुराण वाचले नसले तरी अनुभव तोच आला. ओकच्या पानांत गुरफटलेले शिकारी एकमेकांच्या गोळ्यांना बळी पडू लागले म्हणून तिकडच्या बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकारीच्या मोसमात अंगावर झगझगीत केशरी रंग घालणे कायद्याने सक्तीचे आहे. हरणाला केशरी दिसत नाही, माणसाला दिसते. म्हणजे आधी लपण्यासाठी एक कपडा विकत घ्यायचा आणि मग त्यावर दिसण्यासाठी दुसरा.

आपल्याकडे हा दुसरा कपडा निराळ्या कारणाने लागतो. नायगावच्या बाजारात मिलिटरी कपड्याच्या पँटी टांगलेल्या असतात. त्या घेणारे कोण? पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरे, ट्रॅक्टरवाले, ऊसतोडीला जाणारे मजूर. मजुरांचे कारण सरळ आहे, तो मळ खातो. पोरांचे कारणही सरळ आहे: लपण्यासाठी बनलेले हे कापड आपल्या गावांत मिरवण्यासाठी घेतले जाते. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर, जानेवारी २०१६मध्ये, लष्कराने नागरिकांना लष्करी छाप्याचे कपडे घालू नका असे आवाहन केले. २०२२च्या सेनादिनी नवा छापा दाखवला तेव्हा तो खुल्या बाजारात विकू दिला जाणार नाही असेही सांगितले. सैनिक असल्याचा भास निर्माण करण्याच्या हेतूने तसा पोशाख घालणे हा तर इंग्रजांच्या दंडसंहितेपासूनचा गुन्हा. तरी बाजारात कापड येतेच, थोडा रंग बदलून. कुणी कुणाला त्यासाठी धरलेले आम्ही तरी पाहिले नाही.

धरले जाते ते निराळ्यालाच, आणि आमची तक्रार नेमकी इथे आहे. आम्ही त्या पहाटे दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर, न विचारता, तोंड झाकून, दबा धरून बसलो होतो. सोबत लांब नळीचा कॅमेरा आणि छातीवर काडतुसांची घरे. शेतमालकाने आमची चौकशी केली ती काळजीने: कुणी पडून राहिले की काय! 'सर' म्हणून हाक मारली. नंतर चहा पाजला. आमच्या जागी त्याच बांधावर, त्याच वेळी, साध्या सदऱ्यातला एखादा पारधी बसला असता तर? मामांना आम्ही हे विचारले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरं सांगू का? पोरं मारतील त्याला." गाय घेऊन येणाऱ्या त्या माणसाच्या कौशल्याचे ज्या तोंडाने त्यांनी कौतुक केले त्याच तोंडाने ते हे म्हणाले, आणि त्यांत त्यांना विसंगती वाटली नाही; गाव असेच आहे एवढेच त्यांना सांगायचे होते.

आम्ही पारध्यांच्या शिकारीची वकिली करीत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, १९९१च्या दुरुस्तीनंतर परवान्याने होणारी हौशी शिकारही संपली, आणि ते योग्यच झाले. वाघांच्या, बिबट्यांच्या चोरट्या शिकारीत पारध्यांपैकी काही लोक सापडले आहेत हेही खोटे नाही. पण कायदा झाला तेव्हा संस्थानिकांच्या बंदुका भिंतीवर गेल्या आणि पारध्याचा फास गेला, ह्या दोन गोष्टी सारख्या नव्हत्या. एकाची हौस गेली, दुसऱ्याची विद्या गेली, आणि विद्येबरोबर भाकरी. व्यंकटेश माडगूळकरांसारख्या लेखकाने रानातली भटकंती मराठीत आणली, मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांनी रानातल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावे टिपून घेतली आणि कोशांत घातली, म्हणून आपल्याला त्या विद्येचा वास तरी लागला. बाकी ज्ञान तोंडी होते आणि तोंडीच विरले. वाशिम-अकोल्याकडे 'संवेदना' ह्या संस्थेबरोबर फासेपारध्यांनी गवताचे माळ राखण्याचे आणि तणमोर शोधण्याचे काम केले; मध्य प्रदेशात पन्नाला पारधी तरुण पर्यटकांना रान दाखवत फिरतात. जो पूर्वी तणमोराला फास लावीत असे त्यालाच तणमोर कुठे बसला असेल ते कळते, ही इतकी उघड गोष्ट आहे. नांदेड-लातूरकडे पाखरे पाहणाऱ्या मंडळींनी जाकिटांवर जो पैसा घातला त्यातला थोडा जरी एखाद्या पारधी म्हाताऱ्याला दिवसाची मजुरी म्हणून दिला, त्याला 'आजोबा' म्हणून सोबत घेतले आणि गावातून उजळ माथ्याने आपल्याबरोबर नेले, तर त्यांना अधिक पाखरे दिसतील. गावालाही मग पारधी बांधावर बसलेला पाहण्याची सवय होईल. हरणांना बैलगाडीची झाली होती तशी.

शेतकऱ्याची बाजू ह्यात राहून जाते असे कुणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे. आम्ही ज्या हरणांच्या छायाचित्रासाठी कुडकुडत बसलो होतो ती मामांचा हरभरा खात होती. त्यांच्या शेताभोवती जुन्या साड्यांचे कुंपण होते; लाल, पिवळ्या, मोरपंखी, जरीच्या काठांच्या, घराघरांतून गोळा केलेल्या, काहींच्या पदरावर अजून लग्नातली हळद असावी असे डाग. मराठवाड्यात आता हे दृश्य जागोजाग दिसते. रानडुक्कर आणि हरीण साडी फडफडली की बिचकते, दोन-चार दिवस. मग त्यालाही सवय होते. डुकरांसाठी वन खात्याकडे अर्ज करून मारण्याची परवानगी मिळू शकते, नुकसानभरपाईचाही नियम आहे. मामांनी अर्ज केला होता का, हे आम्ही विचारले. त्यावर ते नुसते हसले. ते रात्री माळ्यावर जागलीला जातात, डबा वाजवतात, गोफण फिरवतात. सगळी धडपड आपण इथे आहोत हे जनावरांना कळावे म्हणून. आणि त्या रंगीबेरंगी साड्यांना पाठ टेकून आम्ही, ओकच्या पानांत, अदृश्य होऊन बसलो होतो!

उन्हे वर आली तसे आम्ही उठलो. मामांनी जाकिटाची बाही चिमटीत धरून पाहिली, उलटी करून पाहिली.

"आतून गरम हाय का, सर?"

होते. आम्ही ते काढून दिले. त्यांनी घोंगडीखाली अंगात घातले, छातीवरची ती घरे चाचपली, ती कशासाठी म्हणून विचारले नाही. एकात तंबाखूची पुडी बसली, दुसऱ्यात चुन्याची डबी. तिसऱ्यात रात्रीची छोटी बॅटरी बसते का ते पाहत ते माळ्याकडे निघाले.